चार सोरे आणि एक भाजणी

वरळीच्या बी. डी. डी. चाळीत ज्याचे बालपण गेले, त्याला श्रमविभागणी हा शब्द अर्थशास्त्राच्या पुस्तकात शोधावा लागत नाही. दिवाळीला आठ दिवस उरले, की मजल्यावरच्या लांबलचक पॅसेजमध्ये वर्तमानपत्रे अंथरली जात. चार बिऱ्हाडांचे चार सोरे बाहेर निघत. भाजणीचा डबा मात्र एकाच घरचा असे. ज्या आजीचा हात भाजणीला बसलेला, तिच्या घरचा. एकटीला दोन दिवस पुरले असते, असे चकल्यांचे काम एका दुपारी उरके आणि आम्हा मुलांच्या वाट्याला मोडक्या चकल्या येत.

ही आठवण निघाली ती २०२४ च्या दिवाळीत. ताईचे बिऱ्हाड तेव्हा जुन्याच इमारतीत होते. १९२० साली स्थापन झालेल्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने बांधलेल्या या चाळी. एकट्या वरळीत १२१ इमारती, प्रत्येकीत ऐंशी खोल्या आणि खोली १६० चौरस फुटांची. त्या खोलीत एका बाजूला कढई तापली होती आणि कॉटवर भाची लॅपटॉप उघडून रडवेल्या चेहऱ्याने बसली होती.

“काय गं, दिवाळीच्या दिवशी हे काय?” मी विचारले.

“मामा, रात्रभर चालू ठेवला, तरी गणित संपलं नाही. परवा प्रकल्प द्यायचाय!”

पोरगी संख्याशास्त्रात एम. एस्सी. करते. तिने विषयही घरचाच निवडला होता. चाळ पाडून टॉवर होणार. मग लिफ्ट आली, देखभालीचा खर्च आला. चाळीतल्या कुटुंबाचे महिन्याचे अंदाजपत्रक हा भार किती सोसेल? शेजाऱ्यांनी विश्वासाने आपापल्या खर्चाच्या वह्या तिच्या हाती दिल्या होत्या. उत्तर चुकले असते तर नुसते गुण गेले नसते, शेजाऱ्यांपुढे मान खाली गेली असती.

चिठ्ठ्यांचा डबा

तिची रीत समजायला सोपी आहे. सर्व कुटुंबांच्या चिठ्ठ्या डब्यात टाकायच्या. एक काढायची, टिपायची आणि पुन्हा डब्यात टाकायची. जितकी कुटुंबे तितक्या वेळा असे केले, की एक फेरी झाली. त्या फेरीवरून सारा हिशेब नव्याने मांडायचा. अशा हजारो फेऱ्या केल्या, की आपले उत्तर किती इकडेतिकडे हलू शकते ते कळते. ब्रॅडली एफ्रन या अमेरिकन संख्याशास्त्रज्ञाने १९७९ साली मांडलेली ही युक्ती ‘बूटस्ट्रॅप’ या नावाने जगभर वापरली जाते.

भाचीच्या एका फेरीला चार सेकंद लागत होते आणि फेऱ्या होत्या दहा हजार. म्हणजे चाळीस हजार सेकंद, अकरा तासांहून अधिक! त्यात मध्येच लॅपटॉप झोपी गेलेला.

“अगं, पण तुझ्या लॅपटॉपला कोअर किती?”

“चार.”

“मग एकीलाच कशाला राबवतेस? पॅसेजमध्ये बसव चौघींना!”

आजच्या साध्या संगणकातही एकाऐवजी अनेक कोअर, म्हणजे हिशेब करणारे स्वतंत्र हात असतात. पण सांगितल्याशिवाय बहुतेक हिशेब एकच हात करीत राहतो आणि बाकीचे स्वस्थ बसतात. भाची वापरते त्या ‘आर’ या संगणकभाषेत हे हात कामाला लावण्याची सोय २०११ पासून मुळातच दिलेली आहे. तिचे नाव ‘पॅरलल’. एक आज्ञा दिली, की हवे तितके कामगार उभे राहतात.

हाच विचार मोठ्या प्रमाणावर आपल्या पुण्यात झाला होता. अमेरिकेकडून हवा तसा महासंगणक मिळेना, तेव्हा १९८८ साली सी-डॅक ही संस्था स्थापन झाली. विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली तिथल्या मंडळींनी एका बलाढ्य यंत्राचा नाद सोडला आणि लहान लहान अनेक प्रोसेसर जोडून त्यांच्यात काम वाटले. १९९१ साली ‘परम ८०००’ तयार झाला. एक पहिलवान मिळत नसेल तर चाळ गोळा करावी, हेच ते शहाणपण.

नवा कामगार कोरा असतो

भाचीने उत्साहाने चार कामगार उभे केले आणि लॅपटॉप असा गुदमरला, की उंदीरही हलेना. चारही कोअर चकल्यांना जुंपल्यावर दार कोण उघडणार? एक हात घरकामाला मोकळा ठेवावा. शिवाय असा प्रत्येक कामगार माहितीची स्वतःची प्रत मागतो. १६० चौरस फुटांच्या खोलीत चार पाट मांडता येतात, चाळीस नाही. संगणकाच्या स्मृतीचेही तसेच. म्हणून कामगार तीनच ठेवले.

तेही लगेच थांबले. ‘खर्च’ नावाची वस्तू सापडत नाही, अशी त्यांची तक्रार! गंमत अशी, की असा नवा कामगार अगदी कोरा असतो. गावाहून कालच आलेल्या माणसाला मिठाचा डबा कुठे आहे हे ठाऊक नसते, तसा. भाजणी आणि सोऱ्या दोन्ही प्रत्येकीच्या हाती द्यावे लागतात. म्हणजे आपली माहिती प्रत्येकाकडे पाठवावी लागते आणि लागणारी साधने प्रत्येकाकडे उघडावी लागतात. लिनक्स किंवा मॅकवर मूळ कामाची हुबेहूब जुळी प्रत काढून हा त्रास वाचवता येतो. विंडोजवर ती सोय नाही.

आता यंत्र चालू लागले. तीन कामगार, म्हणून अकरा तासांचे काम चार तासांच्या आत. मात्र दर वेळी असा लाभ होत नाही. भाचीने गंमत म्हणून साध्या सरासरीचे क्षणभराचे गणित तिघांत वाटून पाहिले, तर उलट जास्त वेळ लागला! चार चकल्यांसाठी चार बायका बोलावल्या तर बोलावण्यातच दुपार जायची. शिवाय भाजणी दळून येईपर्यंत सगळ्यांनाच थांबावे लागते. १९६७ साली जीन अॅमडाल यांनी हा नियम मांडला: दहा तासांच्या कामात एक तासाचे काम वाटता येण्याजोगे नसेल, तर कितीही हात लावा, वेग दहापटीपुढे जाणार नाही.

तीन तोंडे, एकच गोष्ट

चार तासांनी आकडे आले. पोरगी टाळ्या पिटणार, तोच तिची नजर अडखळली. पहिल्या कामगाराची यादी आणि दुसऱ्याची यादी ओळीने सारखी. तिसऱ्याचीही तीच!

चूक कुठे होती? चिठ्ठी काढण्यासाठी संगणक यदृच्छेने आकडे निवडतो असे आपण म्हणतो. वास्तविक तो एका आरंभीच्या ‘बीजा’पासून ठरलेल्या रीतीने आकडे काढीत जातो. उत्तर पुन्हा पडताळता यावे म्हणून भाचीने बीज दिले, ते योग्यच. पण तिन्ही कामगारांना तिने एकच बीज दिले. मग तिघांनी त्याच चिठ्ठ्या त्याच क्रमाने काढल्या. कागदावर फेऱ्या दहा हजार, खऱ्या निराळ्या फेऱ्या तीन हजार तीनशे चौतीस. आणि संगणकाने चुकीची एकही सूचना दिली नाही!

“मामा, कुणाला कळलंही नसतं. उत्तर तसं फारसं बदलणारही नाही,” ती हळूच म्हणाली. “तशीच देऊ का?”

मी काही बोलण्याआधी कढईपाशी बसलेली ताई म्हणाली, “तीन घरं विचारलीस म्हणून सांगशील आणि एकाच घरी तीनदा जाऊन येशील, तर त्याला काय म्हणायचं गं?”

पोरीने मुकाट्याने पुन्हा सुरुवात केली. यासाठीही सोय आहे: एका मूळ बीजातून प्रत्येक कामगाराला निराळा प्रवाह देणारी, पिएर लेक्युये यांच्या पद्धतीवर चालणारी आज्ञा. रात्री नऊला लावलेले काम एकच्या सुमारास संपले. या वेळी याद्या निराळ्या निघाल्या. शेवटी तिने कामगारांना रजा देण्याची आज्ञाही दिली. नाहीतर काम संपले तरी ते जागा अडवून बसतात.

ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीतल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. तिथे चकल्या कुठे पाडायच्या, हे आता बायका ठरवतील. पण काम वाटून घेणाऱ्या प्रत्येकाने ताईच्या खोलीतला तो धडा लक्षात ठेवावा: भाजणी सगळ्यांना एकच द्यावी, बीज मात्र ज्याचे त्याला.