खोली रिकामी, तरी बुकिंगचं बटण बंद? टेम्प्लेटमधला ‘फॉल्स’ समजून घ्या



समजा, मंचर-घोडेगावकडून भीमाशंकरला जाणाऱ्या रस्त्यावर तुमचा तीन खोल्यांचा होमस्टे आहे. श्रावणी सोमवार तोंडावर आलाय. खोली रिकामी आहे, पण वेबसाइटवर ‘बुक करा’ हे बटण दाबलंच जात नाही. स्क्रीनवर कुठलीही एरर नाही. गिऱ्हाईक फोन न करता पुढच्या होमस्टेकडे जातं आणि तुम्हाला कळतही नाही. असं का होतं, ते आज बघू.

टेम्प्लेट म्हणजे छापील पावतीपुस्तक. मजकूर ठरलेला, मोकळ्या जागा तेवढ्या भरायच्या. एचटीएमएलमध्ये प्रत्येक टॅगला ॲट्रिब्यूट जोडता येतात: लिंकचा पत्ता, फोटोचं नाव, बटण चालू की बंद. अडचण एकच. तुमच्या यादीत आकडे असतात, हो-नाही असतं, रिकामे रकाने असतात. पण पानावर ॲट्रिब्यूटची किंमत उतरते ती फक्त मजकूर म्हणून.

१. हो-नाही. यादीत ‘खोली भरली: फॉल्स’ आहे. टेम्प्लेटने ते जसंच्या तसं छापलं, तर बटणावर डिसेबल्ड="फॉल्स" येतं (कोडमध्ये हे इंग्रजीत असतं). आता ब्राउझरचा नियम ऐका: डिसेबल्ड हा शब्द नुसता दिसला की बटण बंद. पुढे काय लिहिलंय, ते तो बघतच नाही. पीएचपी फॉल्सच्या जागी काहीच छापत नाही, म्हणून डिसेबल्ड="" उरतं. तरीही बटण बंदच! चेक्ड, रिक्वायर्ड यांचंही तसंच.

उपाय: अट पूर्ण ॲट्रिब्यूटला लावा. खोली भरली असेल तरच डिसेबल्ड लिहायचं, नाहीतर तो शब्दच नको. रिॲक्ट आणि व्ह्यू हे काम स्वतः करतात. वर्डप्रेसमध्ये त्यासाठी तयार फंक्शन आहे. पण ॲरिया-एक्स्पांडेड, ड्रॅगेबल अशा काही ॲट्रिब्यूटना ‘फॉल्स’ लिहिलेलंच लागतं. म्हणून सगळीकडे एकच नियम लावू नका.

२. रिकामा रकाना. खोलीचा फोटो अजून टाकलेला नाही. जावास्क्रिप्टचा साधा टेम्प्लेट तिथे ‘नल’ छापतो, पायथनचा जिंजा ‘नन’ छापतो. ब्राउझर त्या नावाचा फोटो शोधत बसतो आणि गिऱ्हाइकाला तुटलेलं चित्र दिसतं. फोटो नसेल तर फोटोचा टॅगच छापू नका.

३. आकडे. भाडं ८००, जेवणाचे २००. ॲट्रिब्यूटमधून वाचलेला आकडा मजकूर असतो, त्यामुळे जावास्क्रिप्टमध्ये नुसती अधिकची खूण वापरली तर बेरीज १,००० न येता ८००२०० येते! आधी त्याचा आकडा करून घ्या. आणि आकड्याच्या चौकटीत किंमत भरताना स्वल्पविराम टाकू नका. ‘१,२००’ भरलं तर ती चौकट रिकामीच दिसते.

४. यादी. चुलीवरचं जेवण, गरम पाणी, पार्किंग अशी यादी थेट ॲट्रिब्यूटमध्ये टाकली, तर पीएचपी नुसतं ‘ॲरे’ छापतं. जावास्क्रिप्ट यादी स्वल्पविरामाने जोडतं, पण ऑब्जेक्ट असेल तर ‘ऑब्जेक्ट ऑब्जेक्ट’ एवढंच उरतं. अशी माहिती जेसन करून, अवतरणचिन्हं एस्केप करूनच ठेवा.

आता तुमचं काम. वेबसाइट दुसऱ्याकडून करून घेतली असली, तरी पैसे देण्याआधी हे स्वतः करून बघा:

- एक खोली ‘भरली’ करा, मग पुन्हा ‘रिकामी’ करा. बटण उघडतंय का?
- एका खोलीचा फोटो काढून टाका. पान नीट दिसतंय का?
- भाडं आणि जेवण मिळून बिल बरोबर येतंय का?

बटण उघडलं नाही, तर कॉम्प्युटरवर त्याच्यावर राइट क्लिक करून ‘इन्स्पेक्ट’ उघडा. तिथे डिसेबल्ड दिसलं की डेव्हलपरला नेमकं सांगा: “किंमत बदलू नका, ॲट्रिब्यूटच काढा.”

ही तपासणी गर्दीच्या आधी करा. श्रावणातला सोमवार हातचा गेला, तर तो पुढच्या वर्षीच येतो!