कर्शॉ : नाव मोठं, जागा कोणती?

लॉस एंजेलिस डॉजर्स या बेसबॉल संघाचा डावखुरा पिचर क्लेटन कर्शॉ 2025च्या हंगामात 37 वर्षांचा होता. फास्टबॉलचा वेग ताशी 89 मैलांच्या आसपास, म्हणजे आजच्या मानाने मंदच. तरी 11 विजय, 2 पराभव आणि दर 9 इनिंगमागे त्याच्या खात्यावर सरासरी 3.36 धावा. 2 जुलैला कारकिर्दीतला 3000वा स्ट्राइकआउट. पाच जणांच्या रोटेशनमध्ये असा भिडू हवाच! प्लेऑफमध्ये मात्र तीन-चार स्टार्टर पुरतात. तिथे जुनी पुण्याई कामाला येत नाही. वाइल्ड कार्ड मालिकेतून त्याला वगळलं, ते योग्यच होतं. त्याची खरी जागा पुढे दिसली: वर्ल्ड सिरीजच्या तिसऱ्या सामन्यात, बाराव्या इनिंगला, तिन्ही बेस भरलेले असताना तो आला आणि हवा तो एक गडी बाद करून गेला. तो सामना डॉजर्सने 18 इनिंगनंतर 6-5 असा जिंकला.