पडल्यानंतरचें मनगटाचें दुखणें

पावसाळ्यांत बांधावरून पाय घसरला अथवा गाडीवरून तोल गेला, म्हणजे मनुष्य आपोआप हात पुढें टेकतो व सर्व अंगाचा भार तळहातावर येतो. मग आंबेहळदीचा लेप बसतो, शेजारी "लचकलें आहे" असें सांगतात, आणि चार दिवसांनीं तोच हात पुन्हां रुमणें धरतो. पुष्कळदां तें लचकणेंच असतें. कांहीं वेळां मात्र नसतें.

मनगटाच्या किंचित् वर मोठें हाड मोडलें व सरकलें, तर तें सहसा लपत नाहीं. हात जेवणाच्या काट्यासारखा वांकडा दिसतो. डब्लिनचे शस्त्रवैद्य अब्राहम कॉलीस यांनीं या मोडाचें वर्णन १८१४ सालीं केलें. क्ष-किरणांचा शोध त्यानंतर ८१ वर्षांनीं, १८९५ सालीं लागला.

फसवितें तें दुसरेंच हाड. मनगटांतील आठ लहान हाडांपैकीं अंगठ्याच्या बाजूचें एक होडीच्या आकाराचें असतें. तें मोडलें तरी हात बहुधा सरळच दिसतो, सूजहि बेताचीच येते. अंगठा ताठ मागें ताणला असतां त्याच्या मुळाशीं एक खळगा पडतो. तपकीर ओढणारे चिमूट तेथें ठेवीत. त्या खळग्यांत बोटानें दाबून पाहावें, व दुसऱ्या हाताशीं ताडावें, कारण निकोप हातासहि तेथें थोडें दुखतें. दुखापतीच्या हातास अधिक कळ आली, अथवा अंगठा मनगटाकडे लोटतांना दुखलें, तर निराळा निर्णय होईपर्यंत मोड आहे असें धरून चालावें.

पहिल्या दिवशींच्या क्ष-किरण छायाचित्रांत ही चीर कित्येकदां दिसतच नाहीं. तें निर्दोष निघालें म्हणून निश्चिंत होऊं नये. डॉक्टरांकडून मनगट अंगठ्यासह बांधून घ्यावें व १० ते १४ दिवसांनीं पुन्हां तपासणी करावी, एम.आर.आय. तपासणीची सोय असल्यास निदान लवकर होतें. एवढा खटाटोप कां? या हाडास रक्त बहुतांशीं बोटांकडील टोंकानें शिरून मागें वाहतें. मध्येंच पाट फुटला म्हणजे पुढचे वाफे कोरडे राहतात, तसा मागचा तुकडा रक्तावांचून मरूं शकतो. हाड न जुळल्यास कालांतरानें सांधा झिजतो, आणि कोयत्याची पकड जाते.

अशा मनगटास चोळून घेणें वा ओढून "बसवून" घेणें सर्वथा टाळावें. बोटें बधिर, गार वा पांढुरकीं पडल्यास त्याच घटकेस रुग्णालय गांठावें. अंगठी व कडें सूज चढण्यापूर्वींच काढून ठेवावीं.