गाडी उजवीकडे का ओढते?

स्किड स्टीअर लोडर कुठल्याही कंपनीचा असो, आपल्याकडे सगळे त्याला 'बॉबकॅट'च म्हणतात. साखर कारखान्याच्या बगॅस यार्डातून गॅरेजात आलेल्या अशाच एका गाडीसोबत मालकाने निदानही पाठवलं होतं: उजवा पंप गेलाय, नवा टाका. सकाळी गाडी ठीक चालायची. ऑइल तापलं की पुढे जाताना उजवीकडे ओढायची, आणि ढिगात बकेट घातली की उजवी चाकं जागच्या जागी थांबायची.

या गाडीची पुढची चाकं वळत नाहीत. डावीकडची दोन चाकं एकत्र फिरतात, उजवीकडची दोन एकत्र; एक बाजू जोरात आणि दुसरी हळू किंवा उलटी फिरवली की गाडी चाकं घासत वळते. 1957 साली अमेरिकेतल्या मिनेसोटात सिरिल आणि लुई केलर या भावांनी टर्की पाळणाऱ्या एका शेतकऱ्यासाठी, कोठारात शिरून जागेवर वळेल असा छोटा लोडर बनवला. हे कूळ तिथलं. त्या पहिल्या यंत्राला तीनच चाकं होती. आजच्या गाडीत चाकांपर्यंत जोर पोचवतं ते ऑइल. इंजिनवर एकामागे एक दोन पंप, प्रत्येक पंपापासून आपापल्या बाजूच्या मोटरला दोन जाड होज, मोटरवरून चेन आणि चेनवर चाकं. मोटर फिरवून आलेलं ऑइल टाकीत न जाता थेट पंपात परततं. फटींतून जे झिरपतं तेवढं चार्ज पंप भरून काढतो.

मेकॅनिकने पान्याला हात लावला नाही. आधी ऑपरेटरला विचारलं, "दोन्ही बाजू ढिल्या पडतात की एकच?"

"एकच दादा, उजवी."

"आणि रिव्हर्सला?"

"रिव्हर्सला जोर आहे की! पुढे जातानाच मरते."

माझ्या मते अर्धं काम इथेच झालं. चार्ज पंप, फिल्टर, टाकीतलं ऑइल हे दोन्ही बाजूंचं सामाईक. त्यात खोट असती तर डावी बाजूही मेली असती. पंपाचे पिस्टन किंवा मोटर झिजली असती तर रिव्हर्सलाही रडगाणं असतं. तरी त्याने गेज लावून गरम ऑइलवर चार्ज प्रेशर पाहिलं. काटा 22 बारवर स्थिर होता. लिव्हरची दांडी उजव्या पंपाला पूर्ण पल्ल्यापर्यंत नेते का, तेही डावीशी ताडून पाहिलं. नेत होती. मागची जाळी उघडली तेव्हा ऑइल कूलरच्या फटी बगॅसने पार बुजलेल्या दिसल्या. ऑइल तापायचं कारण ते. तापलेलं ऑइल पातळ होतं आणि बारीक फटीतूनही भरपूर निसटतं, म्हणून सकाळी दोष झाकलेला राहायचा. पण बुजलेल्या कूलरमुळे तर दोन्ही बाजूंचं ऑइल तापत होतं. मग उजवीच का?

प्रत्येक पंपावर पुढच्या आणि मागच्या दिशेसाठी वेगवेगळा रिलीफ व्हॉल्व्ह असतो. दाब हद्दीबाहेर गेला की तो ऑइलला वाट देतो. मेकॅनिकने बूम खाली टेकवली, इंजिन बंद केलं, दाब सोडला. उजव्या पंपावरच्या या व्हॉल्व्हची दोन्ही कार्ट्रिज काढली, त्यांवरचे आकडे सारखे आहेत हे बघून घेतलं, आणि पुढची मागे, मागची पुढे बसवली. ऑइल तापवून गाडी पुन्हा ढिगात घातली. आता पुढे जोर आला आणि रिव्हर्स मेला. दोष कार्ट्रिजसोबत जागा बदलून गेला होता.

(गळती शोधायला एक मदतनीस होजवरून हात फिरवणार होता, तो मेकॅनिकने ओरडून थांबवला आणि हातात पुठ्ठा दिला. या दाबाची बारीक धार कातडी भेदून आत जाते. वरून टाचणीएवढं भोक दिसतं आणि प्रकरण ऑपरेशनपर्यंत जातं.)

सदोष कार्ट्रिजच्या सीटवर खडा अडकल्याचा व्रण होता. खडा आला कुठून? ऑपरेटर आठवून म्हणाला, मागे उजवा होज फुटला होता, यार्डातच ढिगाशेजारी बदलला. तोवर तोंडं उघडीच होती. गंमत अशी की या बंद फेऱ्यात शिरलेला खडा फिल्टरकडे जातच नाही. फिल्टर चार्ज पंपाच्या वाटेवर. खडा पंप-मोटर, मोटर-पंप असा फिरत राहतो.

मालकाचं ऐकून नवा पंप टाकला असता तर गाडी सुधारलीही असती, कारण असा पंप नव्या रिलीफ व्हॉल्व्हसकट येतो. मालक म्हणाला असता, बघा, पंपच होता! आणि होजमधली, मोटरमधली उरलेली कचकच नव्या पंपाच्या वाट्याला गेली असती. चुकीचं निदान असं बरोबर ठरतं, म्हणून ते टिकतं. प्रत्यक्षात खर्च झाला एका कार्ट्रिजचा, फिल्टरचा, होज आणि मोटर धुऊन घेण्याचा आणि नव्या ऑइलचा. कूलर तर नुसत्या हवेने साफ झाला.

साइटवर होज बदलायची वेळ आली तर आधी फिटिंगभोवतालची माती पुसा आणि उघडलेल्या तोंडांना लगेच कॅप लावा. कॅप नसेल तर स्वच्छ प्लास्टिकची पिशवी घट्ट बांधा. चिंधी कोंबू नका, तिचे धागे आत जातात.