आपत्काळाची बेगमी

वैशाख संपत आला म्हणजे आपल्या घरांतून पावसाळ्याच्या बेगमीची एकच धांदल उडते. लोणचीं, पापड, कुरडया, साठवणीचें धान्य, फार काय, देवघरांतल्या वातीदेखील वळून ठेवण्यांत येतात. हें आपणांस कोणी शिकवावें लागत नाहीं. परंतु त्याच पावसाळ्यांत एखाद्या रात्रीं पाणी उंबऱ्याशीं आलें, तर कोणी काय करावयाचें हें किती कुटुंबांत ठरलेलें असतें? दहा माणसांच्या घरांत हा प्रश्न विचारून पाहावा. बहुतेक उत्तरांचा मथितार्थ 'त्या वेळीं पाहूं' एवढाच निघेल.

पंचतंत्रांतील तीन माशांची गोष्ट वाचकांस ठाऊक आहेच. अनागतविधाता संकट येण्यापूर्वींच जलाशय सोडून गेला, प्रत्युत्पन्नमति ऐन वेळीं युक्ति सुचून वांचला, आणि यद्भविष्य दैवावर हवाला ठेवून प्राणांस मुकला. मुलांना गोष्ट सांगतांना आपण दुसऱ्या माशाच्या चातुर्याचें कौतुक फार करितों. आमचें म्हणणें असें कीं, कुटुंबानें कित्ता गिरवावा तो पहिल्याचाच. प्रसंगावधान ही एकट्यादुकट्या माणसाची देणगी आहे. तान्हें मूल आणि अंथरुणास खिळलेली आजी यांना घेऊन निघणाऱ्या घराचें तेवढ्यावर भागत नाहीं.

महाराष्ट्रास हे धडे पुष्कळ वेळां मिळाले आहेत. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटलें, पाठोपाठ खडकवासलाही गेलें. पुणें महापुरांत बुडालें, आणि पूर ओसरल्यावर त्याच शहरांत पिण्याच्या पाण्याची टंचाई पडली. ३० सप्टेंबर १९९३ रोजीं किल्लारीचा भूकंप पहाटें चारच्या सुमारास झाला. आदल्याच दिवशीं गणपतींचें विसर्जन करून दमलेलीं माणसें गाढ झोपेंत होतीं, आणि दगडमातीच्या जाड भिंतींखालीं हजारों गाडलीं गेलीं. २६ जुलै २००५ रोजीं मुंबईत सांताक्रूझ येथें चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. कचेऱ्यांत व शाळांत अडकलेल्यांचा घरच्यांस रात्रभर ठावठिकाणा लागेना. तात्पर्य इतकेंच कीं, संकट वेळ विचारून येत नाहीं, आणि तें आलें असतां घरांतील सर्वजण एकत्र असतीलच असें नाहीं.

एकत्र कुटुंबाचें मनुष्यबळ हें मोठें भांडवल खरें. परंतु त्यांतच एक धोका आहे. सर्वांचें काम तें कोणाचेंच नव्हे. आजीला थोरल्यानें घेतलें असेल असें धाकटा समजतो, धाकट्यानें घेतलें असेल असें थोरला समजतो, आणि दोघेही बाहेर पडतात! म्हणून पहिली बेगमी सामानाची नव्हे, कामांच्या वांटणीची. विजेची मुख्य कळ कोणी बंद करावी, गॅसची टांकी कोणी, वृद्धांना कोणी हात द्यावा, मुलें कोणी मोजावीं, हें कागदावर लिहून स्वयंपाकघरांत लावावें. प्रत्येक कामापुढें दोन नांवें असावीं व त्यांतलें एक दुपारीं घरीं असणाऱ्याचें असावें. मुख्य कळ कोठें आहे हें केवळ पुरुषांसच ठाऊक असणें आम्हांस मोठें घातक वाटतें. ही कळ पाणी घरांत शिरण्यापूर्वींच बंद करावी. पाण्यांत उभें राहून तिला हात लावूं नये. गॅसचा वास आल्यास कोणतेंही बटन दाबूं नये. टांकी बंद करून दारें-खिडक्या उघडाव्या, आणि बाहेर जाऊन १९०६ या क्रमांकावर कळवावें. चुकामूक झाल्यास भेटण्याचें ठिकाण व परगांवच्या एका आप्ताचा दूरध्वनि क्रमांक मुलांकडूनसुद्धां पाठ करून घ्यावा. मोबाईलमध्यें सांठवलेला क्रमांक मोबाईल बंद पडल्यावर काय कामाचा?

दुसरी बेगमी पाण्याची. पिण्यास व स्वयंपाकास माणशीं रोज निदान चार लिटर धरल्यास दहा माणसांना तीन दिवसांस १२० लिटर लागेल. तितकें पाणी झांकून ठेवावें; संशय आल्यास खळखळ उकळूनच प्यावें. तिसरी बेगमी एका पिशवीची: आठवड्याचीं नेहमींचीं औषधें, विजेरी, शिट्टी, थोडी रोकड, महत्त्वाच्या कागदपत्रांच्या प्रती प्लॅस्टिकमध्यें गुंडाळून, आणि चुलीवांचून खातां येतील असे पोहे, फुटाणे, शेंगदाणे, गूळ.

चौथी बेगमी ज्ञानाची. आणि येथें जुन्या समजुती टाकाव्या लागतात. पुरांत साप घरांत शिरतात. सर्पदंश झाल्यास जखम कापूं नये, विष चोखूं नये, आवळून बांधूं नये. तो अवयव मोडलेल्या हाडाप्रमाणें स्थिर ठेवून रुग्णास तडक रुग्णालयांत न्यावें, कारण उतारा प्रतिविषाचाच. भाजल्यास तूप, हळद न लावतां वीस मिनिटें गार वाहतें पाणी सोडावें. जुलाब लागल्यास लिटरभर स्वच्छ पाण्यांत सहा सपाट लहान चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ घालून घोट घोट पाजावें. मीठ जास्त होऊं देऊं नये. मदतीसाठीं ११२ व रुग्णवाहिकेसाठीं १०८ हे क्रमांक भिंतीवर मोठ्या अक्षरांत असावे.

शेवटीं, पाठांतराची परीक्षा घेतल्याखेरीज पाठ झाला कीं नाहीं हें कळत नाहीं, हा आमच्या शिक्षकी पेशाचा अनुभव. मृग लागण्यापूर्वीं एखाद्या रविवारीं रात्रीं दिवे मालवावे, आणि पांच मिनिटांत सर्वांनीं अंगणांत जमावें. पोरें हंसतील, सुना लाजतील, आजोबा कुरकुरतील, हरकत नाहीं. अंगणांत डोकीं मोजतांना कोणी मागें राहिलें असें आढळलें, तर तें त्या रात्रीं आढळलें हेंच भाग्य समजावें, आणि भिंतीवरचा कागद दुसऱ्या दिवशीं सकाळीं दुरुस्त करावा.