जुन्या गाडीच्या तारा आणि दाना ओलीतील पद्मिनी

गाडीने पेट घेतल्याची बातमी आली, की तिच्या शेवटी 'शॉर्ट सर्किटमुळे आग लागल्याचा प्राथमिक अंदाज' हे वाक्य ठरलेलेच असते. ते बहुधा खरेही असते, पण त्यातून वाचकाला काही कळत नाही. वर्षानुवर्षे निमूटपणे चाललेल्या तारा एके दिवशी अचानक का पेटतात, याचे उत्तर मला ग्वाल्हेरमध्ये मिळाले.

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात दाना ओली नावाची वस्ती आहे. १८१० मध्ये दौलतराव शिंदे यांनी येथे छावणी टाकली आणि त्या छावणीचे शहर झाले. 'ओली' हे आपल्या 'ओळी'चेच रूप असावे. याच दाना ओलीत मामांच्या वाड्यात १९८६ची प्रीमियर पद्मिनी उभी असते. कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट ११००च्या आराखड्यावर घडलेली, १०८९ सीसीची ही गाडी मामा आजही स्वतः चालवतात. दोन वर्षांपूर्वी रात्री लग्नाहून परतताना डॅशबोर्डखालून धूर आला. मागे मामी आणि नात बसल्या होत्या. मामांनी प्रसंगावधान राखून बॅटरीची तार उपटली, म्हणून निभावले.

तरीही दुसऱ्या दिवशी त्यांचे म्हणणे एकच, "अरे, गाडी सुरू होते आहे ना? मग कशाला हात लावतोस?"

डॅशबोर्डचे आवरण काढल्यावर जे दिसले, ते कुठल्याही जुन्या गाडीत दिसेल. मूळ वायरिंगच्या अंगावर पाच-सहा मेस्त्रींची कामगिरी चढलेली होती. हॉर्न, टेप, पंखा, मोबाइलचा चार्जर, प्रत्येकाची तार जिथे वीज सापडली तिथून ओढलेली. जोड म्हणजे दोन तारा पिळून त्यांवर काळी टेप. उन्हाने टेपचा डिंक वितळून ती सुटली होती. काही तारांचे आवरण उंदरांनी कुरतडले होते. एका फ्यूजच्या जागी तर सिगारेटच्या पाकिटातील चंदेरी कागद गुंडाळलेला होता.

बारा व्होल्टचा माणसाला झटका बसत नाही, म्हणून या विजेला कोणी भीत नाही. धोका व्होल्टमध्ये नसून अँपिअरमध्ये आहे. सेल्फ मारताना बॅटरी शंभराहून अधिक अँपिअर सहज देते. हाच प्रवाह सोललेल्या तारेतून थेट बॉडीला मिळाला, की काही क्षणांत तार लाल होते. फ्यूज यासाठीच असतो, मात्र तो वाचवतो फक्त आपल्या पुढची तार. बॅटरीपासून फ्यूजपर्यंतचा तुकडा उघडाच राहतो आणि जुन्या गाड्यांत इग्निशनची व चार्जिंगची मुख्य तार बहुधा फ्यूजविनाच असे. नवी तार ओढताना तिचा फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरावर बसवावा, तो याच कारणासाठी.

दुसरा प्रकार अधिक फसवा असतो. सैल वा गंजलेल्या जोडाचा रोध केवळ एक दशांश ओहम धरला आणि त्यातून हेडलाइटचे नऊ अँपिअर गेले, तर त्या एका बिंदूवर सुमारे आठ वॅट उष्णता निर्माण होते. ती प्लॅस्टिक वितळवायला पुरते. प्रवाह मर्यादेतच असल्यामुळे फ्यूज मात्र उडत नाही. मामांच्या गाडीत नेमके हेच झाले होते.

हेडलाइटचे गणित पाहण्याजोगे आहे. त्या पिढीच्या बहुतेक गाड्यांत दिव्यांचा सारा प्रवाह बॅटरीपासून डॅशबोर्डवरच्या स्विचपर्यंत येतो आणि पुन्हा पुढे जातो. इंजिन चालू असताना मी मल्टिमीटर लावला, तेव्हा बॅटरीवर १३.८ व्होल्ट होते आणि बल्बवर जेमतेम ११.४. म्हणजे वीस-बावीस वॅट वाटेतच तारा आणि स्विच तापवत होते. शिवाय हॅलोजन बल्बचा उजेड व्होल्टच्या प्रमाणात नव्हे, त्याहून फार वेगाने घटतो. दहा टक्के व्होल्ट कमी झाले, तर उजेड सुमारे तीस टक्क्यांनी उतरतो. दिवे मिणमिणते वाटले की लोक जादा वॅटचे बल्ब टाकतात. त्याने प्रवाह वाढतो, स्विच आणखी तापतो आणि समोरून येणाऱ्याचे डोळे दिपतात. हॅलोजनच्या घरात एलईडी बसवल्यानेही प्रकाशाची रेषा बिघडते.

यावर खरा उपाय रिले. स्विचने फक्त रिलेला इशारा द्यायचा आणि दिव्यांना वीज बॅटरीजवळून, फ्यूजमधून, आखूड व जाड तारेने थेट मिळायची. रिलेवर आकडे छापलेले असतात. ३० वर फ्यूजमधून आलेली वीज, ८७ वर दिवा, ८५ आणि ८६ वर स्विचचा इशारा व अर्थ. दिपर आणि अप्पर यांसाठी दोन स्वतंत्र रिले घ्यावेत.

परतीच्या वाटेकडे मात्र मेस्त्रीही दुर्लक्ष करतात. गाडीत निगेटिव्ह वीज बॉडीतून परतते, त्यामुळे अर्थचा एक गंजलेला बोल्ट दहा दोषांचे सोंग घेतो. इंडिकेटर दिला की मागचा दिवा लुकलुकतो, ब्रेक दाबला की इंजिनाच्या तापमानाचा काटा हलतो. इंजिन आणि बॉडी यांना जोडणारी पट्टी तुटली, तर सेल्फचा प्रवाह अॅक्सिलरेटरच्या केबलमधून वाट काढतो आणि केबल जळते. ग्वाल्हेरच्या कोरड्या उन्हात तारांचे आवरण कडक होऊन तडकते, आपल्या गोव्यात खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस तांब्यालाच हिरवा गंज चढवतो. तो आवरणाखाली आत सरकत जातो, वरून तार ठाकठीक दिसते. टोक सोलून तांबे काळे-हिरवे निघाले, तर नवा लग लावून उपयोग नाही, तार बदलायलाच हवी. अर्थची जागा रंग खरवडून चकचकीत करावी, बोल्ट आवळावा, मग वरून पेट्रोलियम जेली लावावी.

कामाला हात घालण्यापूर्वी बॅटरीची निगेटिव्ह तार आधी काढावी. पॉझिटिव्ह आधी काढताना पाना बॉडीला टेकला, तर ठिणगी उडते. जुन्या काही ब्रिटिश गाड्यांत पॉझिटिव्ह टोकच बॉडीला जोडलेले असते, तिथे हा क्रम उलटा होतो. प्रत्येक तारेला चिठ्ठी बांधावी, मोबाइलने छायाचित्रे घ्यावीत, एका वेळी एकाच मंडलाचे काम करावे. सगळे वायरिंग एकदम उपसणाऱ्यांच्या गाड्या गॅरेजात महिनोन्महिने पडून राहिलेल्या मी पाहिल्या आहेत. घरगुती तार वापरू नये, गाडीच्या कामाची, अनेक बारीक धाग्यांची आणि उष्णता सोसणारी तार घ्यावी. जोड दाबयंत्राने पक्का करून वर आकसणारी नळी चढवावी. डाख दिला तर त्या जागी तार ताठ होते आणि हादऱ्यांनी डाखाच्या कडेला तुटते, हे माझे मत, सर्वांना ते मान्य नाही. पत्र्याच्या भोकातून जाणाऱ्या प्रत्येक तारेला रबरी कडे मात्र हवेच. बहुतेक शॉर्ट तिथेच होतात.

मामांच्या गाडीला चार दिवस लागले. निरुपयोगी तारांचा ढीग निघाला, तोच मुळी किलोभर भरला. बल्बवर आता १३.३ व्होल्ट मिळतात आणि तेच जुने बल्ब पूर्वीच्या दीडपटीहून अधिक उजेड देतात. टेपची तार मी जोडली नव्हती. ती मामांनी पुढच्याच आठवड्यात परस्पर कुणाकडून जोडून घेतली, पण फ्यूज लावून.