चौफुलीवर कोंडलेला श्वास

नाशिक–छत्रपती संभाजीनगर आणि मनमाड–अहिल्यानगर हे दोन मोठे रस्ते येवल्यात विंचूर चौफुलीवर एकमेकांना छेदतात. कांद्याने भरलेले ट्रॅक्टर, शिर्डीला निघालेले भाविक, लांब पल्ल्याचे मालट्रक, एसटी, पैठणीच्या खरेदीला आलेल्या मोटारी आणि प्रवासी शोधणाऱ्या रिक्षा-जीप यांची गाठ इथेच पडते. कोंडी झाली की ‘गाड्या फार वाढल्या’ असे म्हटले जाते. ते खरे आहे, पण अर्धेच.

जपानच्या नागोया विद्यापीठातील युकी सुगियामा आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. २३० मीटर परिघाच्या वर्तुळाकार मार्गावर २२ मोटारी एकाच वेगाने चालवायला सांगितल्या. मार्गात ना सिग्नल, ना अडथळा. तरीही थोड्याच वेळात कोणाचा तरी वेग किंचित कमी झाला, मागच्याने थोडा जास्त ब्रेक दाबला, त्याच्या मागच्याने त्याहून जास्त आणि कोंडी तयार झाली. मोटारी पुढे जात होत्या, कोंडी मात्र लाटेसारखी मागे सरकत होती.

मोकळ्या वर्तुळात असे होत असेल, तर चौकाच्या तोंडाशी काय होईल? भरून वाहणाऱ्या रस्त्याच्या एका मार्गिकेतून साधारण दर दोन सेकंदांना एक वाहन पुढे जाते. तिथे एखादी जीप प्रवासी घ्यायला अर्धा मिनिट थांबली, तर मागे पंधरा वाहने साचू शकतात. जीप निघून जाते, पण रांग मोकळी व्हायला बराच वेळ लागतो. त्यात रुग्णवाहिका असली तर तीही अडकते.

या रांगेचा हिशेब फुफ्फुसे चुकती करतात. उभ्या गाडीचे इंजिन चालूच असते. डिझेलच्या धुरातील अतिसूक्ष्म कण केसाच्या जाडीच्या तिसाव्या भागाहूनही लहान असतात. ते फुफ्फुसांच्या खोल भागात पोचतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये डिझेलचा धूर कर्करोगकारक ठरवला. कार्बन मोनॉक्साइड तर रक्तातील हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. रस्त्यापासून शंभर-दीडशे मीटरवर धुरातील सर्वांत बारीक कणांचे प्रमाण बरेच उतरते. म्हणजे चौकातून निघून जाणाऱ्यापेक्षा दिवसभर तिथेच असणारा वाहतूक पोलीस, फळविक्रेता आणि खुद्द रिक्षावालाच जास्त धूर पितो.

मग गाड्यांच्या संख्येवर मर्यादा घालावी का? मोटार वाहन कायदा, १९८८ मध्ये भाड्याच्या वाहनांची संख्या मर्यादित करण्याची तरतूद आहे. पण ती पाच लाख किंवा अधिक लोकवस्तीच्या शहरांसाठी. सुमारे पन्नास हजार वस्तीच्या येवल्याला तिचा उपयोग नाही. याच कायद्याचे कलम ११७ मात्र कामाचे आहे. वाहनांनी कुठे उभे राहायचे आणि प्रवाशांसाठी कुठे थांबायचे, हे स्थानिक संस्थेशी विचारविनिमय करून ठरवण्याचा अधिकार त्यात दिला आहे. गाड्या कमी करता येत नसतील, तर त्यांच्या थांबण्याची जागा तरी बदलता येते.

चालकाची अडचणही खरी आहे. सीट भरल्याशिवाय गाडी काढली तर डिझेलचे पैसे सुटत नाहीत. म्हणून तो चौकाच्या तोंडाशीच उभा राहतो, कारण प्रवासी तिथेच मिळतात. नुसत्या दंडाने हे सुटत नाही. चौफुलीपासून थोडे पुढे, प्रवाशांना चालत जाता येईल अशा अंतरावर प्रत्येक दिशेचा स्वतंत्र थांबा, तिथे सावली आणि पाणी, आणि नंबरानेच गाडी भरण्याची पद्धत असेल, तर प्रवासी पळवण्याची चढाओढ थांबते. नंबर येईपर्यंत इंजिन बंद ठेवले की चालकाचे डिझेल वाचते आणि त्याची फुफ्फुसेही.

वाटा प्रवाशाचाही आहे. हात दाखवून चौकातच गाडी थांबवणारा प्रत्येक जण मागच्या रांगेची सुरुवात करत असतो. पन्नास पावले चालून थांब्यावर जाणे हा सगळ्यात स्वस्त उपाय आहे.